मानेच्या रक्तवाहिन्यांना इजा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अपघात विभागात काम करणारा शल्यचिकित्सक आहे. मानेला लागलेल्या रुग्णांचे नातेवाईक ऑपरेशन थिएटरबाहेर जे विचारतात आणि घरी गेल्यावर रिपोर्टचा फोटो काढून जे पाठवतात, त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत. समोर कुणाच्या मानेतून रक्त वाहत असेल तर बाकीचं नंतर, आधी प्रश्न ३ वाचा. तुमच्या रुग्णाबद्दलचा शेवटचा शब्द मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या डॉक्टरांचाच.

१. मानेत नेमक्या कोणत्या रक्तवाहिन्या असतात? सगळे नुसतं 'मानेची नस' म्हणतात.

'नस' या एका शब्दात आपण धमनी, शीर आणि मज्जातंतू तिन्ही कोंबतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. धमनी हृदयाकडून रक्त नेते, शीर ते परत आणते. मानेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅरोटिड धमनी असते. कंठमण्याच्या शेजारी बोटं टेकवली की जी उडताना लागते, ती हीच. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या आसपास तिला दोन फाटे फुटतात. एक, बाहेरचा, चेहरा, जीभ आणि डोक्याच्या कातडीकडे जातो; दुसरा, आतला, थेट मेंदूकडे आणि डोळ्याकडे. मागच्या बाजूला दोन व्हर्टिब्रल धमन्या असतात. त्या मानेच्या सहाव्या मणक्यापासून पहिल्यापर्यंत मणक्यांच्या भोकांतून ओवल्यासारख्या वर चढतात, त्यामुळे मणका मोडला की त्याही धोक्यात येतात. या चौघी मिळून मेंदूला मिनिटाला साधारण ७५० मिलिलिटर रक्त पुरवतात. कॅरोटिडला खेटून जुगुलर शीर खाली उतरते. श्वासनलिका, अन्ननलिका, मज्जारज्जू, आवाजाचे मज्जातंतू हे सगळं त्याच शेजारात. म्हणून मानेची जखम सहसा एकट्या रक्तवाहिनीची नसते.

२. धमनी कापली की शीर, हे बाहेरून ओळखता येतं का?

अंदाज येतो. धमनीचं रक्त लालभडक असतं आणि ठोक्याठोक्याला उसळतं. शिरेचं गडद असतं आणि संथ भरून येतं. पण खोल, अरुंद जखमेत धमनीचं रक्तही नुसतं पाझरताना दिसू शकतं. घटनास्थळी ओळखत बसू नका, दोन्हींसाठी उपाय एकच: दाब. शिरेचा एक वेगळा धोका मात्र माहीत असू द्या. श्वास आत घेताना मानेच्या मोठ्या शिरांमधला दाब उतरतो आणि उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाऊ शकते. ती हवा हृदयात गेली तर रक्ताभिसरणच अडतं. म्हणून वाहणं थांबलंय असं वाटलं तरी जखम उघडी ठेवायची नाही, आणि श्वासाला अडथळा नसेल तर रुग्णाला आडवंच ठेवायचं.

३. समोर माणसाच्या मानेतून रक्त वाहतंय. आत्ता काय करू?

रक्त जिथून येतंय त्या बिंदूवर स्वच्छ कापडाची छोटी घडी ठेवा आणि दोन-तीन बोटांनी घट्ट दाबा. तळहात पसरून सगळी मान धरू नका, त्याने दाब विखुरतो. दुसऱ्या कुणाला रुग्णवाहिका बोलवायला सांगा. तुम्ही बोटं काढायची नाहीत. 'थांबलं का बघू' म्हणून एकदाही उचलायची नाहीत, कारण नुकती धरलेली गुठळी तेवढ्यानेच निघते. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. मात्र कापडांचा ढीग झालाय आणि खालून रक्त येतच आहे, याचा अर्थ दाब योग्य जागी पडत नाही. अशा वेळी ढीग बाजूला करून बोटं नेमक्या जागी टेकवणं हेच बरोबर.

गळ्याच्या मधोमध, श्वासनलिकेवर दाबू नका. दोन्ही बाजूंना एकदम दाबू नका. मानेभोवती पट्टी किंवा दोरी आवळून बांधू नका. हातापायाला चालणारी ती युक्ती इथे श्वास आणि मेंदूचं रक्त दोन्ही बंद करील. पट्टी बांधायचीच वेळ आली तर जखमेवर घडी ठेवून पट्टी दुसऱ्या बाजूच्या काखेखालून तिरपी घ्यावी, म्हणजे गळा आवळला जात नाही.

रुग्णाला आडवं ठेवा. पण तोंडात रक्त येत असेल, घरघर होत असेल, आडवं झाल्यावर तो घाबरा होऊन उठायला बघत असेल, तर जबरदस्तीने झोपवू नका. पुढे वाकून बसू द्या किंवा कुशीवर वळवा, दाब चालूच ठेवा. श्वास पहिला. पाणी पाजू नका.

एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. एका तरुणाला त्याचा भाऊ गाडीच्या मागच्या सीटवर मांडीवर घेऊन आला होता. उजव्या हाताची दोन बोटं भावाच्या मानेत रुतलेली, नखं पांढरीफटक. स्ट्रेचरबरोबर तो तसाच पळत आला, तसाच थिएटरच्या दारापर्यंत. आम्ही त्याच्या बोटांशेजारी आमची बोटं सरकवली तेव्हा कुठे त्याने हात काढला. आत कॅरोटिडला अर्धा सेंटिमीटरचा छेद होता. तो रुग्ण जगला तो आधी त्या दोन बोटांमुळे, मग आमच्यामुळे.

४. काच किंवा चाकू मानेत रुतून बसलाय. काढून दाब देऊ का?

नाही. रुतलेली वस्तूच कदाचित भोक बुजवून बसलेली असते. ती हलणार नाही अशा बेताने दोन्ही बाजूंना कापडाच्या गुंडाळ्या लावून स्थिर करा, दाब तिच्या भोवती द्या, वस्तूवर नाही. ती ऑपरेशन टेबलवरच काढली जाते, रक्तवाहिनीवर वरून-खालून ताबा मिळवल्यानंतर.

५. जखम अगदी एवढीशी आहे आणि रक्तही थांबलंय. जवळच्या दवाखान्यात टाके घालून घेतले तर?

असे टाके घालून तीन दिवसांनी आलेले रुग्ण मी पाहिलेत, त्यामुळे हे जरा ठासून लिहितो. मानेच्या कातडीखाली प्लॅटिस्मा नावाचा पातळ, पदरासारखा स्नायू असतो. जखम त्याच्या पार गेली असेल तर ती 'खोल' धरायची, मग बाहेरून ती बोटभर असो की तांदळाएवढी. टोकदार वस्तूची जखम कातडीवर ठिपक्यासारखी दिसते आणि आत चार-पाच सेंटिमीटर गेलेली असते. ती किती खोल आहे हे बोट किंवा सळई घालून बघू नये. तसं केल्याने थांबलेलं रक्त पुन्हा उसळलेलं आहे. वरून टाके घातले तर रक्त बाहेर येत नाही एवढंच, आत साठत राहतं आणि श्वासनलिकेला बाजूला ढकलतं. खोल जखमेची शंका असेल तर जिथे सीटी स्कॅन आणि ऑपरेशन दोन्ही होऊ शकतं अशाच ठिकाणी जा.

६. काही जणांना तपासणीशिवाय थेट ऑपरेशनला नेतात, काहींना स्कॅनला. हे कशावरून ठरतं?

काही खुणा अशा असतात की त्या दिसल्यावर वेळ घालवायचा नसतो. उसळून येणारं रक्त, बघता बघता वाढणारी सूज, दाब देऊन आणि रक्त चढवूनही न सावरणारा रक्तदाब. जखमेतून हवेचे बुडबुडे येत असतील किंवा श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज होत असेल तर श्वासनलिकेला इजा आहे. सुजेवर हात ठेवल्यावर लागणारी थरथर, स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा सूं-सूं आवाज, नाडी न लागणं, एका बाजूची ताकद जाणं हीही त्याच रांगेतली लक्षणं आहेत. अशा रुग्णांत पहिली धाव बहुतेकदा श्वासासाठी नळी घालण्याकडे असते. सूज वाढत गेली की पुढे नळी जाईनाशी होते, आणि तो क्षण फार लवकर येतो.

यातलं काहीच नसेल आणि रुग्ण स्थिर असेल, तर आधी सीटी अँजिओग्राफी, म्हणजे शिरेतून रंगद्रव्य सोडून केलेला रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. पूर्वी असं नव्हतं. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०० रुग्णांच्या एका अहवालात लवकर ऑपरेशन झालेल्यांत मृत्यूचं प्रमाण ६ टक्के आणि उशीर झालेल्यांत ३५ टक्के दिसलं. तेव्हापासून प्लॅटिस्मा ओलांडलेली प्रत्येक जखम उघडून बघायची असा दंडक पडला. त्या काळासाठी तो योग्यच होता, पण कितीतरी माना उघडल्यावर आत काहीच सापडायचं नाही. स्कॅनची यंत्रं सुधारली तसा तो दंडक सैल झाला.

७. केसपेपरवर 'झोन २' लिहिलंय. म्हणजे इजा दुसऱ्या क्रमांकाची, कमी गंभीर का?

झोन म्हणजे जागा, गंभीरपणा नव्हे. गळपट्टीच्या हाडापासून कंठमण्याखालच्या कड्यापर्यंत, म्हणजे क्रिकॉइडपर्यंत, झोन १. तिथून जबड्याच्या कोनापर्यंत झोन २. त्यावर कवटीच्या तळापर्यंत झोन ३. ही विभागणी १९६९ पासून रूढ आहे. झोन २ मध्ये जखमा सर्वात जास्त होतात, आणि तिथे पोचणं शल्यचिकित्सकाला सर्वात सोपंही जातं. झोन १ मधल्या रक्तवाहिनीला धरायला कधी छाती उघडावी लागते. झोन ३ जबड्याआड दडलेला, तिथे बरंचसं काम मांडीतून वा मनगटातून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, धमनीत नेऊन करावं लागतं. झोन २ मधून शिरलेलं पातं झोन १ मध्ये संपू शकतं, म्हणून हल्ली नुसत्या झोनवर निर्णय होत नाही, स्कॅनमध्ये काय दिसतं त्यावर होतो.

८. सोनोग्राफी स्वस्त आणि निर्धोक. मग सीटी अँजिओग्राफीच कशाला?

डॉप्लर सोनोग्राफीला हाडाच्या पलीकडचं दिसत नाही. जबड्याआडची कॅरोटिड, मणक्यांतून जाणारी व्हर्टिब्रल आणि गळपट्टीमागचा भाग तिच्या नजरेबाहेर राहतो. त्यात मानेला कॉलर, सूज, जखम. सीटी अँजिओग्राफी काही मिनिटांत महाधमनीपासून कवटीपर्यंतचा सगळा रस्ता दाखवते, वर मणके आणि श्वासनलिकाही. किडनीचा त्रास, रंगद्रव्याची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर आधी सांगा, पण जीव धोक्यात असताना यातल्या कशामुळेही ही तपासणी सहसा अडवून धरत नाहीत. अन्ननलिकेच्या इजा मात्र तिच्यातून निसटू शकतात. गिळताना दुखत असेल तर दुर्बिणीची किंवा औषध पिऊन करायची वेगळी तपासणी लागते.

९. माझ्या वडिलांच्या मानेच्या जखमेत लघवीची नळी घातलीय! ही चूक आहे ना?

चूक नाही. तुमचं घाबरणं साहजिक आहे, हे आधीच समजावून सांगायला हवं होतं. फोली कॅथेटरच्या टोकाला फुगा असतो. बोटाने दाबूनही न थांबणाऱ्या खोल, अरुंद जखमेत ती नळी सरकवून फुगा पाण्याने फुगवतात आणि भोवतीची कातडी टाक्याने घट्ट धरतात. फुगा आतून दाब देतो आणि थिएटरपर्यंत किंवा स्कॅनपर्यंत पोचायला वेळ मिळतो. गळपट्टीच्या हाडामागे जिथे बोट पोचत नाही, तिथे याच साध्या नळीने माणसं वाचलेली आहेत.

१०. डॉक्टर म्हणाले 'शीर बांधून टाकली'. मग मेंदूला रक्त कसं जाणार?

इथे प्रश्न १ मधला फरक कामाला येतो. जुगुलर शीर मेंदूला रक्त देत नाही, मेंदूकडचं परत आणते. एका बाजूची बांधली तर दुसऱ्या बाजूने वाट मिळते. चेहरा काही दिवस सुजतो, बहुधा तेवढंच. दोन्ही बाजूंच्या बांधायची वेळ शक्यतो येऊ देत नाहीत. बाहेरच्या कॅरोटिडचा फाटाही बांधता येतो.

मुख्य कॅरोटिड आणि तिचा आतला फाटा यांचं तसं नाही. ते शक्य असेल तर जोडायचेच, थेट टाके घालून, शिरेचं ठिगळ लावून किंवा पायातल्या शिरेचा तुकडा मध्ये बसवून. १५५२ साली फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रुआज पारे यांनी एका सैनिकाची कापलेली कॅरोटिड बांधली. तो जगला, पण वाचा गेली आणि अर्धं अंग लुळं पडलं. हा सौदा आजही तसाच आहे, फक्त तो करण्याची वेळ आता क्वचित येते: फाटलेली जागा कवटीच्या तळाशी असेल आणि जोडणं शक्यच नसेल तेव्हा. बांधल्यावर काय होईल हे मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या गोल जोडरस्त्यावर अवलंबून असतं, आणि तो पुष्कळ लोकांमध्ये जन्मतःच अपुरा असतो. व्हर्टिब्रल धमनी उघडून जोडणं फार अवघड. दुसऱ्या बाजूची चांगली असेल तर कॅथेटरमधून तारेची वेटोळी सोडून ती आतून बुजवतात.

११. बाहेर खरचटलंसुद्धा नाही, मग आतली धमनी फाटली कशी?

धमनीची भिंत तीन थरांची असते. मान झटक्यात मागे जाऊन वळली की कॅरोटिड मणक्यांवर ताणली जाते. बाहेरचे थर थोडे लवचीक असतात, आतलं अस्तर नसतं. कोट धड दिसावा आणि आतून अस्तर उसवलेलं असावं, तसं होतं. उसवलेल्या जागी रक्त थरांमध्ये शिरतं, अस्तराची झडप आत लोंबते आणि वाट अरुंद होते. शिवाय उघड्या पडलेल्या खरबरीत जागेवर गुठळी धरते. त्या गुठळीचा तुकडा सुटून मेंदूत गेला की पक्षाघात. वेगातल्या वाहनांची धडक, उंचावरून पडणं, आडव्या ताणलेल्या तारेत किंवा दोरीत मान अडकणं, खेळात मानेवर बसलेला फटका, ही नेहमीची कारणं. सीट बेल्टचा वळ मानेवर उठला असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवा. पण त्यावरून कुणी बेल्ट लावणं सोडू नये. बेल्ट नसता तर तो माणूस बहुधा वळ दाखवायला आलाच नसता.

१२. अपघातानंतर नवरा चालत-बोलत होता, घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी हलगर्जी केली का?

सर्वात जास्त येणारा आणि मला सर्वात जड जाणारा प्रश्न हाच. प्रश्न ११ मध्ये सांगितलेली गुठळी एका क्षणात तयार होत नाही. इजा आणि पहिलं लक्षण यांच्यामध्ये एक शांत काळ असतो, पुष्कळदा १० ते ७२ तासांचा, कधी त्याहून लांब. त्या काळात रुग्ण खरोखर ठीक असतो. तपासणारा डॉक्टर त्याला ठीक म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. एकाचा दोष ठरवण्याआधी हे बघावं लागतं की प्रश्न १३ मधल्यांपैकी एखादी खूण त्या दिवशी होती का आणि असूनही स्कॅन राहिला का. ते कागदपत्रं पाहिल्याशिवाय कुणीही सांगू नये, मीही सांगत नाही.

पण हा शांत काळ हीच उपचाराची संधी आहे. तेवढ्यात इजा सापडली तर औषधं सुरू करून बरेचसे पक्षाघात टाळता येतात. म्हणून धडकेनंतर घरी आलेल्या माणसाकडे पुढचे काही दिवस लक्ष ठेवा. मानेत किंवा डोक्याच्या एकाच बाजूला नवं, वेगळंच दुखणं. एका डोळ्याची पापणी उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली बारीक. एका डोळ्यासमोर पडदा आल्यासारखं होऊन पुन्हा दिसू लागणं. बोलताना शब्द अडकणं, हातातली वस्तू पडणं. व्हर्टिब्रल धमनीची इजा असेल तर गरगरणं, एकाचे दोन दिसणं, तोल जाणं, गिळायला त्रास. यातलं काहीही दिसलं तर झोपून बरं वाटेल म्हणून थांबू नका. आणि 'शेवटचा ठीक कधी दिसला होता' ती वेळ कागदावर लिहून न्या. पुढचे उपचार त्या वेळेवर ठरतात.

१३. मग धडक बसलेल्या प्रत्येकाचा मानेचा स्कॅन करायला हवा का?

प्रत्येकाचा नाही, पण काहींचा लक्षणं नसतानाही करायलाच हवा. मानेचा मणका मोडलेला, विशेषतः वरचे तीन मणके किंवा धमनी ज्या भोकांतून जाते तो भाग. कवटीच्या तळाची चीर कॅरोटिडच्या बोगद्यातून गेलेली. वरचा जबडा चेहऱ्यापासून सुटलेला. डोक्याला जबर मार लागून खोल बेशुद्धी. मानेवर वळ असून सूज किंवा दुखणं आणि गुंगी. गळफासातून वाचलेला माणूस. शिवाय ज्याची लक्षणं आणि डोक्याचा सीटी यांचा मेळ बसत नाही तो, म्हणजे एक बाजू लुळी आणि डोक्याचा स्कॅन स्वच्छ. हा शेवटचा नियम नातेवाइकांनी लक्षात ठेवावा. अशा वेळी 'मानेच्या रक्तवाहिन्या बघितल्या का?' असं नम्रपणे विचारायला काहीच हरकत नाही.

१४. रिपोर्टमध्ये 'ग्रेड १', 'ग्रेड ३' असं असतं. त्याचा अर्थ?

बोथट माराने झालेल्या इजांची ही श्रेणी, अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये मांडलेली. ग्रेड १ म्हणजे अस्तर खडबडीत, वाट २५ टक्क्यांपेक्षा कमी अरुंद. ग्रेड २ मध्ये अरुंदपणा त्याहून जास्त, किंवा आत गुठळी, किंवा अस्तराची झडप सुटलेली. ग्रेड ३ म्हणजे भिंत फुगून बाहेर पिशवी आलेली. ग्रेड ४ म्हणजे धमनी पूर्ण बंद. ग्रेड ५ म्हणजे धमनी तुटून रक्त बाहेर, आणि ही तत्काळ जीवघेणी. कॅरोटिडमध्ये ग्रेड चढत जाते तसा पक्षाघाताचा धोका सहसा वाढतो, व्हर्टिब्रलमध्ये हे गणित इतकं सरळ नाही. ग्रेड १ बरीचशी आपोआप भरते, पण काही वाढतात. म्हणून साधारण ७ ते १० दिवसांनी स्कॅन पुन्हा करतात. तो टाळू नका, औषध चालू ठेवायचं की बदलायचं हे त्यावरच ठरतं.

१५. डोक्यातही रक्तस्राव आहे आणि डॉक्टर रक्त पातळ करायचं औषध म्हणतायत. हे उलटंच नाही का?

तुम्हाला जी अडचण दिसतेय तीच अडचण आयसीयूमधल्या डॉक्टरांसमोरही असते. औषध दिलं तर डोक्यातला स्राव वाढण्याची भीती, न दिलं तर मानेतली गुठळी मेंदूत जाण्याची. दोन्ही पारड्यांत मेंदूच. सहसा डोक्याचा स्कॅन पुन्हा करून स्राव वाढत नाहीये याची खात्री करतात आणि मग औषध सुरू होतं. ऍस्पिरिन किंवा हेपॅरिन, जे परिस्थितीला बसेल ते. हेपॅरिनचा फायदा असा की ते थेंबाथेंबाने देता येतं, नेहमीचा सुरुवातीचा मोठा डोस टाळता येतो आणि गरज पडली तर लगेच बंद करून उतारा देता येतो. न्यूरोसर्जन आणि ट्रॉमा टीम एकत्र बसून हे ठरवतात. तुम्ही विचारायचा प्रश्न एकच: पुढचा डोक्याचा स्कॅन कधी?

१६. ऍस्पिरिन किती दिवस घ्यायची? स्टेंट टाकून एकदाचं मोकळं होता येणार नाही का?

बहुतेकांना तीन ते सहा महिने, मधल्या स्कॅननुसार कमी-जास्त. बरं वाटतंय म्हणून मनाने बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी विचारा. ऍस्पिरिनसारखी औषधं चांगली की रक्त पातळ करणारी जास्त जोरकस, यावर २०१५ मध्ये कॅडिस ही चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात मानेच्या धमनीचं अस्तर उसवलेले २५० रुग्ण होते. दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. स्टेंट, म्हणजे धमनीत आतून बसवायची जाळीची नळी, हा पहिला उपाय नाही. वाढत जाणारी पिशवी किंवा औषध चालू असूनही पुन्हा येणारी लक्षणं, अशा निवडक वेळीच तो लागतो. आणि स्टेंट टाकल्यावरही ही औषधं घ्यावी लागतात, त्यामुळे 'मोकळं' होणं त्यात नाही.

१७. कुणी गळा दाबला होता. खूण नाही, आता बरं वाटतंय. तरी दाखवायला हवं का?

हो. गळा दाबल्यावर कातडीवर काहीही न उमटता आतल्या धमनीला आणि स्वरयंत्राला इजा होऊ शकते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं, यातलं काही झालं असेल तर आजच जा आणि 'गळा दाबला होता' हे शब्द उच्चारा. 'पडले' असं सांगितलं तर मानेचा स्कॅन होणार नाही. सोबत आलेल्या माणसासमोर बोलता येत नसेल तर तपासणीच्या खोलीत एकटीने बोलायचंय असं नर्सला सांगा. तो तुमचा हक्क आहे. ज्याने एकदा गळा दाबला, त्याच्याकडून जिवाला असलेला धोका पुढे वाढतो. तुमच्या विश्वासातल्या एकाला तरी हे कळू द्या.

स्वतःला इजा करून घेतलेल्या माणसाला मानेच्या तपासणीइतकीच सोबतीची आणि मानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. त्याला रागावू नका, एकटं सोडू नका.

१८. मालिश करताना मान 'कडक' वाजवली, तेव्हापासून दुखतेय. घाबरायचं कारण आहे का?

बहुतेक वेळा स्नायूच दुखावलेला असतो. मानेला झटका दिल्यावर व्हर्टिब्रल धमनीचं अस्तर उसवणं दुर्मीळ आहे, पण होतं. दुखणं एकाच बाजूला, पूर्वी कधी नव्हतं असं असेल, किंवा प्रश्न १२ मधलं एखादं लक्षण जोडीला असेल तर तपासून घ्या. आणि तोवर मान पुन्हा वाजवून घेऊ नका.

१९. मुलगा तोंडात पेन्सिल धरून पडला, टाळूला मागे जखम झाली. याचा मानेशी काय संबंध?

संबंध आहे. आतली कॅरोटिड घशाच्या बाजूच्या भिंतीमागे, टॉन्सिलच्या मागल्या अंगाला असते. टूथब्रश, काडी, पेन्सिल तोंडात असताना मूल पडलं तर ती चेपू शकते. बहुसंख्य मुलांना काही होत नाही, जखम दोन दिवसांत भरते. पण जखम मधोमध नसून बाजूला असेल, खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा टोक आत मोडलं असेल तर लगेच दाखवा. घरी सोडलं तरी दोन-तीन दिवस मुलाचं चालणं, बोलणं, हात वापरणं नीट बघा. जास्त झोपाळू वाटलं तर उठवून बघा.

२०. सलाईनची मोठी नळी मानेत घालताना चुकून धमनीत गेली. ती तशीच का ठेवलीय, काढत का नाहीत?

जुगुलर आणि कॅरोटिड शेजारी शेजारी असल्यामुळे हे घडू शकतं. सोनोग्राफीत बघत सुई घातली तर प्रमाण खूप कमी होतं, पण शून्य होत नाही. बारीक सुई गेली असेल तर काढून दाबतात. जाड नळी गेली असेल तर ती ओढून काढणं धोक्याचं, कारण भोक उघडं पडतं आणि दाबून भागेलच असं नाही. ती जागीच ठेवून रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला बोलावणं हा योग्य मार्ग आहे.

२१. जखम भरून दोन महिने झाले, आता कानात ठोक्याबरोबर सूं-सूं आवाज येतो.

मनाचे खेळ समजून सोडू नका. धमनी आणि शीर एकाच वेळी टोचल्या गेल्या तर त्यांच्यात आडवाट तयार होते, आणि तिच्यातून वेगाने धावणाऱ्या रक्ताचा आवाज कानाला ऐकू येतो. भिंतीची पिशवीही अशीच उशिरा कळते: मानेत उडणारी गाठ, बसलेला आवाज. ती गाठ चोळू, शेकू किंवा कुणाकडून फोडून घेऊ नका. बहुतेक वेळा हे कॅथेटरमधून बंद करता येतं.

२२. मीच जखमेवर दाब धरला होता. नंतर त्याला पक्षाघात झाला. मी फार जोरात दाबलं म्हणून झाला का?

हा प्रश्न लोक तोंडावर विचारत नाहीत, रात्री उशिरा लिहून पाठवतात. बहुतेकांच्या बाबतीत उत्तर 'नाही' असंच आहे. एका बाजूला दाब दिल्यावर मेंदूला उरलेल्या तीन धमन्यांकडून रक्त मिळत राहतं. पक्षाघात होतो तो फाटलेल्या धमनीमुळे, गुठळीमुळे किंवा वाहून गेलेल्या रक्तामुळे. काहींच्या मानेत त्या जागी दाब पडल्यावर हृदयाचे ठोके मंदावतात, ते खरं आहे. पण दाब नसता तर ठोके मोजायलाच कुणी उरलं नसतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना एकदा समोरासमोर विचारा, ते ऑपरेशनमध्ये काय दिसलं ते दाखवून सांगतील.

आणि स्वतःकडेही बघा. तुमच्या बोटांना चीर असेल, डोळ्यांत किंवा तोंडात रक्त उडालं असेल तर साबणाने हात धुवा, डोळे भरपूर पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का तेही बघतील. प्रश्न ३ मधला तो भाऊ रात्रभर थिएटरबाहेर तसाच बसून होता, दोन्ही हात कोपरापर्यंत वाळलेल्या रक्ताने भरलेले. पहाटे नर्सने त्याला हाताला धरून बेसिनपाशी नेलं, तेव्हा तर्जनीच्या पेरावर काचेची चीर दिसली. त्याला ती लागल्याचं कळलंही नव्हतं.